जेवणानंतरचा आकडा

“तुझ्या हातचे चणे मात्र फार चविष्ट असायचे हो,” कोटांची काजं शिवणारे काजवाले काका म्हणाले आणि दोऱ्याचं टोक त्यांनी जिभेवर धरून ओलं केलं. टिमकी बाबाच्या वस्तू पिशवीत भरत होती. चष्म्याचं घर, साखर मोजायचं छोटं यंत्र, लोकरीचा जुना गळपट्टा, नखाएवढा उरलेला खडू, आणि अकरा दिवस टेबलाखालीच राहून गेलेला जेवणाचा डबा. डबा हातात असतानाच काका हे बोलले, म्हणून ती हसलीसुद्धा. कौतुक ऐकलं की हसायचं ही सवय तिला गेल्या सहा महिन्यांतच लागली होती आणि नव्या बुटांसारखी ती अजून करकरत होती. “तुम्हाला कधी दिले बाबाने?” तिने विचारलं. काकांनी दोरा सुईत ओवला, ओढला, गाठ मारली. “रोजच की. म्हणजे शेवटचे दोन आठवडे. मास्तर म्हणायचे, मी घरून भरपेट खाऊन आलोय, पोरीने प्रेमाने दिलंय, टाकवत नाही, तुम्ही संपवा. मी म्हणायचो, अहो, एक अंडं तरी घ्या. तर नाही. डबा मीच घासून ठेवायचो. आणि वर मला ताकीद, टिमकीला सांगू नका, तिचं तोंड उतरेल.” एवढं बोलून काका थांबले, कारण ते तोंड आता त्यांच्यासमोरच उतरत होतं आणि सुई तर त्यांच्याच हातात होती. “पाणी देऊ का गं?” त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली. डबा पिशवीत बसेना. तिने तो आडवा घातला, उभा घातला, मग काखेत मारला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “येते काका,” आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना एक पायरी चुकली.

रस्ता नेहमीचाच होता. सुट्टीची सकाळ, कुणी दुकानाची काच पुसतंय, कुणी कुत्र्याला फिरवतंय. टिमकी चालत होती आणि तिच्या डोक्यात काकांचं एकच वाक्य चालत होतं, तेही तिच्याच पावलांवर: दोन आठवडे, दोन आठवडे. बाबा त्या दुकानात कापड बेतायचा. तिथे सगळे त्याला मास्तर म्हणत. कापडावर खडूची रेघ पडली की ती दगडावरची रेघ. माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की बाबा फीत धरून नुसता थांबायचा आणि म्हणायचा, “सोडा साहेब, श्वास सोडा. कोट काय कायम श्वास धरून घालणार आहात?” घरी आला की तो या गोष्टी साभिनय सांगायचा, स्वतःचं पोट आत ओढून लाल होऊन दाखवायचा, आणि आई भांडी विसळता विसळता हसायची. मापात खोट नाही, ही त्याची एकुलती एक श्रीमंती. एखाद्या बाईंनी, माझी कंबर दोन इंच कमी लिहा हो, म्हटलं तरी तो लिहीत नसे. म्हणायचा, आकड्याला लाज वाटत नाही, आपल्याला वाटते, मग आकड्याने का बदलायचं. हे वाक्य टिमकीला एवढं आवडलं होतं की तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून त्याभोवती वेल काढली होती.

ती वही सुरू झाली त्याच्या आधी टिमकी टिमकी नव्हतीच. शाळेत हजेरी घेताना तिचा ‘हजर’ पुढच्या बाकालाही ऐकू जात नसे. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, मुलगी हुशार आहे, तोंड उघडत नाही. आईने ते वाचून कपाळावर आठ्या घातल्या, तर बाबा म्हणाला, “उघडेल. शिवण घट्ट बसलीय, ओढाताण केली तर कापड फाटेल.” मग बाबाच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी साखर उतरवणारी सकाळची गोळी दिली आणि सांगितलं, काय खाल्ल्यावर किती वाढते ते लिहीत चला, प्रत्येकाचं शरीर वेगळं. आईची सकाळची पाळी, औषधांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या कारखान्यात, पहाटे घर सोडायचं. तेव्हा हे काम आपसूक मुलीकडे आलं. आणि काय सांगावं, त्या कामाने तिला भुतासारखं धरलं. जेवणाआधी एक टोचणी, जेवण झाल्यावर दोन तासांनी दुसरी. आकड्यांचे ठिपके, ठिपक्यांच्या रेघा. पांढऱ्या पावाचा डोंगर. बटाट्याचा डोंगर, तोही कडा तुटल्यासारखा. डाळीची टेकडी. अंड्याचं सपाट मैदान. केळं जरा कच्चट असेल तर चढण सोपी, सालीवर काळे ठिपके आले की सरळ सुळका. संत्रं सोलून खाल्लं तर बिचारं गुणी, पिळून प्यालं तर घात. आणि तिचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे भात: तोच भात, तेवढाच भात, पण आधी काकडी आणि अंडं खाऊन शेवटी घेतला तर त्या दिवशी आकडा बेचाळीसने खाली. हे कळलं त्या संध्याकाळी ती घरभर नाचली होती. अगं, भाताला रांगेत शेवटी उभं केलं की तो शहाण्यासारखा वागतो, असं ती आईला सांगत होती, आणि आई म्हणाली होती, “बरं झालं बाई, या घरात कुणीतरी शहाण्यासारखं वागतंय.”

शाळेच्या प्रदर्शनात तिने हे सगळं भिंतभर लावलं. बाबा स्वतः बेतलेला करडा कोट घालून आला होता. परीक्षक समोर उभे राहिले, आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, मोठा, खणखणीत: “हे माझे बाबा, आणि ही त्यांची साखर.” लोक खदखदून हसले. हसू ओसरल्यावर ती थांबलीच नाही, पंधरा मिनिटं बोलत राहिली, प्रश्नाला उत्तर, उत्तराला जोड. बाबा मान किंचित वाकडी करून उभा होता, अंगावर बरोबर बसलेला कोट लांबून बघावा तसा. घरी येताना तो म्हणाला, “टिमकी आहेस तू, टिमकी. आता वाजव कितीही.” ते नाव दुकानात पोचलं, जिन्यातल्या शेजाऱ्यांकडे पोचलं, तिलाही आवडलं. मुलीला कंठ फुटला, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचा. जणू साखरेचं दुखणं त्याला झालं ते खास याचसाठी.

चौकातल्या बुटांच्या दुकानाच्या काचेत तिला तिचं तोंड दिसलं आणि ती थांबली. कसं उतरतं आपलं तोंड? बाबाने त्यात काय पाहिलं असेल? तो दिवस आठवायला तिला कष्ट पडले नाहीत, फक्त इतके दिवस तो दिवस तिच्या बाजूचा होता आणि आता तो उठून समोर जाऊन बसला. ब्राउन ब्रेडचा दिवस. पांढऱ्या पावाची बदनामी पुरेशी झाली होती, आता तपकिरी पावाची परीक्षा. दोन तुकडे, चणे, एक अंडं, काकडी. दुपारचं मोजणं बाबा दुकानातच करायचा आणि आकडा खडूने चिंधीवर लिहून संध्याकाळी खिशातून काढून द्यायचा. ती चिंधी टिमकी टाचणीने भिंतीला लावायची. त्या दिवशी चिंधीवर होतं दोनशे छत्तीस. “शक्यच नाही,” ती म्हणाली. “आलाय खरा,” बाबा म्हणाला, “दोनदा टोचलं.” “मग तू आणखी काहीतरी खाल्लं असशील. खरं सांग.” “नाही गं, तू दिलंस तेवढंच.” “मी इथे पहाटे उठून मरमर करते आणि तू माझ्याशी खोटं बोलतोस.” आई म्हणाली, “अगं, आवाज.” पण आवाज तर आता तिचा होता, मोठ्या मुश्किलीने मिळालेला, तो खाली कशाला घ्यायचा? त्या रात्री ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवताना ताटाकडे बघून जेवली. बाबा मीठ दे म्हणाला तर तिने मीठ आईकडे सरकवलं. आणि तिसऱ्या दिवसापासून आकडे सुधारले. एकशे दोन. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. कानउघाडणी केल्याशिवाय कामं होत नाहीत, असं तिने मैत्रिणीला ऐटीत सांगितलं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या चिंधीपाशी तिने सूर्य काढला होता, किरणांसकट, आणि बाबा त्या सूर्याकडे बघत, टेबलाला रेलून, म्हणाला होता, “वा, आज ऊन पडलं आपल्याकडे.” त्याचा हात तेव्हा कापत होता का? ती काचेतल्या बुटांकडे बघत आठवू लागली. कापत होता. त्याने तो खिशात घातला होता.

आकडा खोटा लिहिणं त्याला कसं जमलं असतं? खडू हातात घेतला की तो मास्तर. मग त्याने आकडा खरा ठेवला आणि जेवण सोडून दिलं. जेवणाच्या भरवशावर दिलेली गोळी रोज सकाळी पोटात जात होती आणि भरवसा दुपारी मागच्या पायऱ्यांवर बसून काजवाले काका खात होते. चण्यांनी साखर वाढत नाही हे तिने पंधरा दिवसांच्या रेघेने सिद्ध केलं होतं. चणे पोटात गेलेच नव्हते. शेवटच्या दिवशी तीन वाजता त्याने मोजलं ते एकाहत्तर. साखर तिथे थांबली नाही, उतरतच गेली, आणि चार वाजता त्याने टेबलावर डोकं टेकलं. दुकानात सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली. काकांनी दुसऱ्यांना गप्प केलं, मास्तर दमलेत, निजू दे म्हणाले, घाम आलेला दिसला म्हणून पंखा त्याच्याकडे वळवला. दीड तासाने कुणीतरी हलवलं तेव्हा तो हलला नाही. दवाखान्यात परिचारिकेने त्याच्या खिशातलं सामान एका पाकिटात घालून आईकडे दिलं, त्यात चिंधी होती, आणि टिमकीने ती उलगडून वाचली तेव्हा, कुणाला सांगू नये पण, क्षणभर तिला आनंद झाला होता. एकाहत्तर. सवयीचा आनंद. खाटेवर बाबा नळ्यांमध्ये पडलेला आणि ही मनातल्या मनात सूर्य काढत होती. तिथे आहार सांगणाऱ्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, “दुपारी जेवले होते का हे?” आणि आई गोंधळली तशी टिमकी पुढे होऊन म्हणाली, “हो. चणे, एक अंडं, काकडी, दोन पाव. मी स्वतः दिलं होतं.” डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तीच म्हणाली. तिसऱ्यांदा तर कुणी विचारलंही नव्हतं. बाई पुष्कळ काही समजावत होत्या: एकाच ताटाचा आकडा रोज एक येत नाही, कमी झोप, सर्दी, काळजी, सगळ्याने तो चढतो, काही तपकिरी पाव नुसते रंगाचे तपकिरी असतात, एका आकड्यावरून माणसावर रागवायचं नसतं. टिमकी ते वहीत उतरवून घेत होती. रागवायचं नसतं, हेसुद्धा तिने उतरवून घेतलं होतं, क्रमांक घालून.

ती काचेसमोर हसून पाहू लागली. बाबा कालच घरी आला होता. उजव्या हाताची बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत, शब्द तोंडाशी येऊन रांग लावतात, आणि किती दिवसांनी सुधारेल याला डॉक्टरांकडेही माप नव्हतं. गोळी बंद केली होती. आकडे काही दिवस चढतील, चढू देत, आधी पोटभर खाऊ दे, असं त्यांनी बजावलं होतं. पण काल रात्री आईने घास पुढे केला तर बाबाने आईकडे नव्हे, टिमकीकडे पाहिलं आणि विचारलं, “खाऊ?” दुधाला, “घेऊ?” सफरचंदाच्या फोडीला, “ही... एवढी?” तिला वाटलं होतं आजारपणाचा पोरकटपणा आहे, होईल नीट. आत्ता तिला कळलं की तो काय विचारत होता. तोंड तयार ठेवायला हवं. कितीही येऊ दे आकडा, तोंडावर काही येता कामा नये. फार हसू नको, खोटं दिसतं. गाल सैल. भुवया तिथेच. काचेच्या आतून दुकानातली बाई तिच्याकडे बघत होती, वेडीबिडी आहे की काय अशी. टिमकी तिलाच हसून दाखवून पुढे निघाली, डबा काखेत.

घरात शिरताच तिने आईला सांगितलं. शेगडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या आईच्या पाठीला सांगितलं, ते सोपं गेलं. “तो जेवतच नव्हता आई. दोन आठवडे. डबा काका खायचे.” आई ढवळत राहिली. “डबा फार स्वच्छ यायचा,” ती म्हणाली. “तुझा बाप जन्मात कधी डबा घासून आणणाऱ्यातला नाही. मला दिसत होतं.” “मग बोलली का नाहीस?” “काय बोलू? तुमचं दोघांचं एवढं छान चाललं होतं. तू बोलायला लागली होतीस.” मग तिने गॅस बारीक केला आणि वळली, आणि तिचा चेहरा बघून टिमकीला वाटलं, आता ही मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणाली, “उद्या डॉक्टरांना सांगायचं. तू सांगायचंस. जसं तेव्हा सांगितलंस तसंच, मोठ्याने.” “हो,” टिमकी म्हणाली, आणि तो ‘हो’ तिला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही.

बाबा खिडकीजवळ बसला होता, मांडीवर उशी, उशीवर उजवा हात, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला ठेवल्यासारखा. एक वाजता तिने ताट आणलं. घेवड्याची शेंग, अंडं, मऊ भात. ती समोर खुर्ची ओढून बसली. “बाबा, मी दुकानात गेले होते. काकांनी सगळं सांगितलं. तू डबा खात नव्हतास.” त्याचे ओठ हलले, शब्द शोधत गेले, परत आले. “खाल्ला,” तो म्हणाला. “सगळा. छान... होता.” “बाबा, मी रागावत नाहीये.” “चणे... फार छान.” जन्मभर दोन इंच कमी न लिहिलेला माणूस एकेक शब्द उचलून आणून तिच्यासमोर हे रचत होता, कपाळावर घाम येईपर्यंत. तिला पुढे विचारवेना. तिने चमचा त्याच्या डाव्या हातात दिला. “आधी भात खा हवं तर,” ती म्हणाली. “कुठूनही सुरू कर.” त्याला ते पटलं नाही. त्याने आधी शेंगा खाल्ल्या, मग अंडं, आणि मग भाताकडे बोट करून, “खाऊ?” “खा ना.” “किती?” “सगळा. मला आवडेल तू सगळा खाल्लास तर.” त्याने सगळा खाल्ला. शिताशितापर्यंत, ताट टिपून, आज्ञाधारकपणे, आणि शेवटी रिकामं ताट तिच्याकडे तिरकं करून दाखवलं. टिमकीला इतकं बरं वाटलं की तिने शाळेतल्या चार गोष्टी सांगितल्या, बाईंच्या चपलेची, फळ्यावर चढलेल्या पालीची, हातवारे करून, आवाज काढून, आणि पालीच्या वेळी बाबा हसला. अर्धा चेहरा आधी, अर्धा मागून.

तीन वाजून गेले. मोजायचं नसतं तर? पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोजायचंच. तिने यंत्र काढलं, डाव्या हाताची करंगळी धुऊन पुसून घेतली, टोचलं. थेंब आला. यंत्राला विचार करायला पाच सेकंद लागतात, ती त्या पाच सेकंदांत काचेतलं तोंड आठवून आठवून लावत होती, गाल सैल, भुवया तिथेच. दोनशे एकाऐंशी. ठीक आहे. चढणारच होता. सांगितलंच होतं त्यांनी. तिने वही उघडलीसुद्धा नाही. तिच्या मते काहीच हललं नव्हतं, एक रेघ नाही, एक पापणी नाही. मग तिने वर पाहिलं. बाबाने यंत्राकडे एकदाही बघितलं नव्हतं. ते उशीजवळ, हाताच्या अंतरावर, चकाकत पडलं होतं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता, कापडाची वीण तपासावी तसा, अगदी जवळून, डोळे बारीक करून. किती वेळ बघत होता कोण जाणे.

“छान आहे,” ती म्हणाली. “मस्त आलाय बाबा.”

त्याने मान हलवली. हो नाही आणि नाहीही नाही, मोठ्या माणसाने रागावल्यावर लहान मूल हलवतं तशी. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात दुधाचा पेला. तिने तो पुढे केला. बाबाने डाव्या हाताने पेला बाजूला सारला, मग तोच हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला, घट्ट, आणि तसाच बसला. टिमकीने त्याचं मनगट धरलं. ओढायचं की नुसतं धरायचं हे तिला कळेना. बाबा, म्हणाली ती, बाबा, बघ माझ्याकडे, मी हसतेय, आणि ती खरंच हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत येत होतं, ते तिला थांबवता येत नव्हतं. बाबाने ते पाहिलं. त्याने हात तोंडावरून जरासा काढला, शब्दाला बाहेर यायला लागेल तेवढाच.

“उद्या,” तो म्हणाला, आणि पुढचे शब्द एकेक करून आणायला त्याला फार वेळ लागला. “उद्या... चांगला आणीन.”